पेनड्राइव्ह आणि प्रत

आमच्या एका स्नेह्यांच्या वडिलांनीं वीस वर्षें खपून कुलवंशावळ जुळविली. ती, व सोबतचीं चारशें जुनीं छायाचित्रें, एका पेनड्राइव्हवर होतीं. गेल्या महिन्यांत तो एकाएकीं उघडेनासा झाला. “पण आम्हीं बॅकअप घेतला होता!” असें स्नेही पुनःपुन्हां सांगत होते. चौकशीअंतीं कळलें कीं, संगणकांत जागा व्हावी म्हणून सर्व कांहीं पेनड्राइव्हवर उतरवून मूळ पुसून टाकलें होतें. यास प्रत म्हणत नाहींत. हें नुसतें स्थलांतर झालें.

पेनड्राइव्ह हें उपकरण मुळांत ने-आण करण्याचें. त्यांतील मजकूर सूक्ष्म कोशांत कोंडलेल्या विद्युद्भाराच्या रूपानें असतो, आणि हा भार हळूहळू झिरपतो. वर्षानुवर्षें कपाटांत पडून राहिलेला पेनड्राइव्ह कोणीं हात न लावतांहि विसरूं लागतो. शिवाय त्याची आंखणी जुन्या फॅट३२ पद्धतीची असेल, तर ४ जीबींहून मोठी एकहि फाइल त्यांत मावत नाहीं, मग तो ६४ जीबींचा कां असेना. मुंजीचें लांबलचक चित्रीकरण नेमकें येथेंच अडतें. त्यापेक्षां फिरत्या तबकडीची बाह्य हार्डडिस्क बरी. तिच्यावरील चुंबकीय ठसे अधिक काळ टिकतात. अर्थात् ती हातून पडली कीं आटोपलें!

विंडोजमधील ‘फाइल हिस्टरी’ किंवा मॅकवरील ‘टाइम मशीन’ अशा डिस्कवर दर तासाला आपोआप प्रत उतरविते. हें चांगलें खरें. परंतु त्यामुळें डिस्क सदैव संगणकास जोडून ठेवण्याची संवय लागते, आणि घात होतो तो तेथें. मे २०१७ मध्यें ‘वॉनाक्राय’ नांवाच्या खंडणीखोर प्रोग्रामनें जगभर धुमाकूळ घातला, तेव्हां मूळ फाइलींबरोबर जोडलेल्या डिस्कवरील फाइलींनाहि त्यानें कुलुपें घातलीं. म्हणून आमच्या मतें डिस्क दोन असाव्यात. एक घरीं, काम होतांच काढून ठेवलेली. दुसरी परगांवच्या आप्तांकडे. दिवाळीस व मे महिन्यांत जाणें-येणें होतेंच, तेव्हां त्यांची अदलाबदल करावी. अधूनमधून त्यांतील चारदोन फाइली दुसऱ्या संगणकावर उघडूनहि पाहाव्यात. हें शेवटचें काम आम्ही स्वतः पुष्कळदां टाळीत आलों, हें कबूल केलें पाहिजे.

स्नेह्यांचीं साठेक छायाचित्रें त्यांच्या भगिनींकडे ई-मेलनें पूर्वींच गेलेलीं होतीं, तेवढीं मिळालीं. वंशावळ मिळाली नाहीं. वडील आतां एक्यायशीं वर्षांचे आहेत. त्यांनीं शाईचें पेन व दोन वह्या मागविल्या आहेत.