हँडल फिरो, परंतु ब्रेक राहो!

जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ मुलखांत सायकल चालविणाऱ्या मुलास ब्रेकचें महत्त्व सांगावें लागावें, ही गोष्ट प्रथमदर्शनीं चमत्कारिक वाटेल. जव्हार गांव समुद्रसपाटीपासून सुमारें दीड हजार फूट उंचीवर वसलें आहे. साखरशेतहून कोठेंही निघा, चढ-उतार कांहीं चुकत नाहीं. तरीही हा लेख लिहिण्याचा प्रसंग आला आहे.

गेल्या पावसाळ्यांत आमच्या एका विद्यार्थ्याच्या हातीं शहरांतील भंगारांतून एक जुनी बीएमएक्स सायकल आली. वीस इंची चाकें, क्रोमचा मुलामा दिलेल्या पोलादी रिमा आणि आंसाच्या टोकांना उभें राहण्यासाठीं खुंट्या. कसरतीची सायकल म्हणतात ती हीच. तिच्या मागील ब्रेकची तार पहिल्या मालकानें कापून टाकली होती. कारण हँडल गरगर फिरविलें म्हणजे तार गुंडाळली जाते व हँडल अडतें. पुढचा ब्रेक तर मुळींच नव्हता. व्हावयाचें तें झालें. ओल्या उतारावर सायकल आवरेना आणि मुलगा भातखाचरांत जाऊन पडला. चिखलानें त्याचीं हाडें वांचविलीं. परंतु खरी चिंतेची गोष्ट पुढेंच आहे. आठवड्याभरांत आणखी दोघांनीं त्याच हौसेपायीं आपापल्या सायकलींच्या तारा काढल्या. त्यांतील एक सायकल मुलाच्या बहिणीची होती. मानव विकास कार्यक्रमांतून ती तिला शाळेंत येण्याजाण्यासाठीं मिळाली होती!

मुलांच्या हौसेस माझा विरोध नाहीं. ज्यास शरीर तोलतां येतें, त्यानें तें अवश्य तोलावें. माझें म्हणणें इतकेंच कीं, हँडल फिरविण्यासाठीं ब्रेकचा बळी देण्याचें कारण फार वर्षांपूर्वींच नाहींसें झालें आहे.

बीएमएक्स हा खेळ १९७० च्या सुमारास अमेरिकेंतील दक्षिण कॅलिफोर्नियांत मुलांनीं मातीच्या वाटांवर सुरू केला. त्यांतूनच पुढें कसरतीचा 'फ्रीस्टाइल' प्रकार निघाला. शर्यतीस २००८ सालीं बीजिंगच्या ऑलिंपिकमध्यें, आणि फ्रीस्टाइलला २०२१ सालीं भरलेल्या टोकियोच्या ऑलिंपिकमध्यें स्थान मिळालें. तार गुंतण्याची अडचण त्या खेळाडूंनाही होतीच. पुढच्या ब्रेकची तार त्यांनीं चिमट्याच्या पोकळ दांड्यांतून, मधोमध भोंक पाडलेल्या बोल्टांतून, खालीं उतरविली. मागच्या ब्रेकसाठीं ब्रायन स्कूरा नांवाच्या अमेरिकन कल्पकानें १९८० नंतरच्या दशकांत 'जायरो' शोधून काढला. 'रोटर' या नांवानेंही असें यंत्र ओळखलें जातें.

त्याची रचना घरच्या जात्यावरून सहज समजेल. जात्याची वरची तळी फिरते, खालची स्थिर राहते. जायरोमध्यें तशींच दोन कडीं असून त्यांच्यामध्यें छर्ऱ्यांचें बेअरिंग असतें. वरचें कडें हँडलाबरोबर फिरतें, खालचें सांगाड्यापाशीं स्थिर असतें. ब्रेकचा दांडा दाबला कीं वरची दुहेरी तार वरच्या कड्यास उचलते. त्याबरोबर खालचें कडेंही उचललें जातें आणि खालची दुहेरी तार मागचा ब्रेक ओढते. कडें फिरतें, तार फिरत नाहीं. सारी युक्ति एवढीच.

जुन्या सायकलीसाठीं जायरो निवडतांना चकचकीतपणा पाहूं नये, माप पाहावें. पुष्कळ जुन्या सायकलींच्या चिमट्याचा दांडा एक इंच, म्हणजे २५.४ मिलिमीटर जाडीचा व आट्यांचा असतो. पुढील काळांतील सायकलींचा दांडा २८.६ मिलिमीटरचा व बहुधा बिनआट्यांचा असतो. एकाचें यंत्र दुसऱ्यास बसेलच असें नाहीं. दुसरें असें कीं, खालच्या तारा अडकविण्यासाठीं सांगाड्याच्या मानेपाशीं दोन कान लागतात. ते नसल्यास बेअरिंगच्या वाटीखालीं कानांची निराळी पट्टी बसवावी लागते. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची : ही दुहेरी तार गांवच्या दुकानीं मिळत नाहीं. म्हणून यंत्र घेतांनाच तारांचा एक जादा जोड घ्यावा. जें आपल्यास दुरुस्त करतां येत नाहीं, तें उतारावर आपलें नव्हे.

बसवितांना घाई नडते. प्रथम हँडलची मान तपासावी. ती डुगडुगत असेल तर पुढील सर्व श्रम व्यर्थ होत. मग खालच्या तारा लावून दोन्ही बाजूंचे स्क्रू सारखे ठेवावे. त्यानंतर वरची पट्टी व वरच्या तारा जोडाव्या. बेअरिंग अगदीं आडवें, समपातळींत बसलें पाहिजे. एका बाजूनें उचललें असेल तर तें कलतें, खडखडतें व ब्रेक पिचपिचीत लागतो. वरच्या स्क्रूंनीं हा कल काढावा आणि मगच लॉकनट आवळावे. शेवटीं हँडल पूर्ण फिरवून चारी दिशांस थांबवावें आणि प्रत्येक ठिकाणीं ब्रेक दाबून पाहावा. चाक चारी वेळां सारखेंच आवळलें, तरच काम झालें असें समजावें. आपल्याकडील पावसांत तारा लवकर गंजतात; त्यांस अधूनमधून तेल द्यावें, परंतु तेलाचा थेंब रिमेवर पडूं देऊं नये. पोलादी रिम भिजली म्हणजे ब्रेकचें रबर एरवींही नीट धरत नाहीं, हें प्रत्येकानें लक्षांत ठेवावें.

येथें एक आक्षेप येईल. आजचे कित्येक नामांकित खेळाडू ब्रेकविरहित सायकलीवर खेळतात. मग आम्हांसच हा उपदेश कां? उत्तर सोपें आहे. त्यांतील कसलेले खेळाडू सरावासाठींच बांधलेल्या जागेंत, डोक्यास शिरस्त्राण घालून, वर्षानुवर्षांच्या अभ्यासानंतर तसें करतात. त्यांच्या मैदानांत वळणावरून एस. टी. ची गाडी येत नाहीं, कीं गुरांचा कळप आडवा जात नाहीं.

आणि ज्या सायकलीवर बहीण शाळेस येते, तीस जायरोचीही जरूर नाहीं. जायरो चांगला बसला तरी साध्या तारेइतका ब्रेक त्यांत क्वचितच लागतो. कसरतीच्या सायकलीवर नवशिक्यास एखाददुसरा फेराच पुरत असेल, तर मागच्या ब्रेकची तार थोडी लांब ठेवावी. हँडल एकदां फिरतें व उलट फिरवून परत आणतां येतें. ही तार कोणत्याही सायकलवाल्याकडे मिळते. गरज पाहून साधन निवडावें. साधन पाहून गरज निर्माण करूं नये.

पालकांस एक विनंती. मुलानें सायकलीचा कांहीं भाग काढलेला दिसला, तर त्यास एकदम रागावूं नये. तो भाग कां काढला तें विचारावें, आणि हातीं पाना देऊन त्याच्याकडूनच पुन्हां बसवून घ्यावा. आमच्या त्या विद्यार्थ्यानें दोन रविवार खपून आपल्या सायकलीस जायरो बसविला. पहिल्या खेपेस बेअरिंग कललें. दुसऱ्या खेपेस तें सरळ बसलें. आतां शाळेच्या सपाट पटांगणांत त्याचें हँडल मनसोक्त फिरतें, आणि दांडा दाबतांच चाक जागच्या जागीं थांबतें. बहिणींच्या सायकलींच्या ताराही जागेवर आल्या आहेत.

याकोबाच्या पत्रांत घोड्याच्या तोंडांतील लगामाचा दृष्टांत आहे. लगाम असतो म्हणून घोड्याची चाल कांहीं कमी होत नाहीं. उलट स्वारास त्याला हवें तिकडे नेतां येतें. ब्रेकचेंही तसेंच आहे. ज्यास थांबतां येतें, त्यानेंच वेगाची हौस करावी.