नसती उठाठेव?

दुसऱ्याच्या कारभारात लक्ष घालणाऱ्याला हिणविण्यासाठी मराठीत शब्दांची वाण नाही. लुडबुड, भोचकपणा, चोंबडेपणा, नसती उठाठेव! इंग्रजीतही ‘बिझीबॉडी’ हा शब्द सोळाव्या शतकापासून याच कामी रूढ आहे. ‘प्रॅग्मॅटिक’चा प्रवास मात्र बोधप्रद आहे. सतराव्या शतकात हा शब्द नाक खुपसणाऱ्याला लावीत. आज त्याचा अर्थ व्यवहारी असा होतो.

शब्दाचे हे वळण आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात प्रत्यक्ष कृतीत उतरले आहे. शेजाऱ्याने कूपनलिका घ्यावी काय, ऊस लावावा काय, हे विचारणे एरवी आगाऊपणाचे ठरते. १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले. त्यानंतर हिवरे बाजारच्या ग्रामसभेने नेमके हेच विचारले. शेतीसाठी कूपनलिका घेण्यास तिने बंदी केली आणि पावसाच्या नोंदीवरून पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरविली.

जमीन ज्याची त्याची असली, तरी भूगर्भातील पाणी बांध ओळखत नाही. एकाने उपसा वाढविला की दुसऱ्याची विहीर आटते. मग ही बाब खाजगी उरतेच कोठे? याउलट, कोणी कोणाशी लग्न करावे हे ठरवू पाहणाऱ्या जातपंचायतींना असा कोणताही आधार नाही. त्यांच्या बहिष्कारास आवर घालण्यासाठी २०१६ चा कायदा राज्याला करावा लागला.

झळ दुसऱ्यास पोहोचते की नाही, हीच खरी कसोटी. दुर्दैव असे, की परक्याच्या लग्नात नाक खुपसणाऱ्यास आपण वडीलधारा म्हणतो आणि पाण्याचा हिशेब मागणाऱ्यास चोंबडा!