यजमानाच्या घरात पाहुण्यांचा कायदा

लष्करी गटांची चर्चा निघाली की वृत्तपत्रे रणगाडे, विमाने व क्षेपणास्त्रे यांची मोजदाद करू लागतात. परकी सैन्य मात्र एखाद्या देशात प्रत्यक्ष उतरते ते बंदरातील क्रेनच्या, मालगाडीच्या वाघिणींच्या आणि पुलांच्या आधाराने. आणि ते उतरण्याच्या कितीतरी आधी त्या देशाच्या सरकारने कागदांवर सह्या केलेल्या असतात. नाटोच्या परिभाषेत या व्यवस्थेला ‘यजमान राष्ट्राचे साहाय्य’ असे सोज्ज्वळ नाव आहे. नाव आतिथ्याचे असले तरी या घरात पाहुणा कायदा बरोबर घेऊन येतो.

या व्यवस्थेचे मूळ पश्चिम जर्मनीत आहे. व्हिएतनाममधील युद्धाचा भार पेलवेनासा झाला तेव्हा अमेरिकेने तेथील काही सैन्य मायदेशी नेले आणि त्याची अवजड सामग्री जर्मन भूमीवरील कोठारांत ठेवली. १९६९ ते १९९३ या काळात ‘रिफॉर्जर’ नावाच्या सरावांतून सैनिकांना विमानाने आणून त्या सामग्रीशी जोडण्याची तालीम होत राहिली. १५ एप्रिल १९८२ रोजी बॉन सरकारने अमेरिकेशी जो करार केला, त्यात संकटकाळी दहा दिवसांत आणखी सहा अमेरिकन डिव्हिजन येतील आणि त्यांची वाहतूक, पहारा व पुरवठा यांसाठी पश्चिम जर्मनी ९३,००० राखीव सैनिक देईल, असे ठरले. युद्धाचा निर्णय वॉशिंग्टनने घ्यावा आणि हमाली जर्मन तरुणांनी करावी, असा त्या कराराचा व्यवहारातील अर्थ होता. पश्चिम जर्मनीत शांतता चळवळीचे लाखोंचे मोर्चे निघत होते तो हाच काळ.

१९९१ साली वॉर्सा करार संघटना विसर्जित झाली. ज्या शत्रूसाठी नाटोचा संसार मांडलेला होता तो शत्रूच उरला नाही. तरी संसार मोडला नाही, उलट पूर्वेकडे वाढत गेला. १९९९ मध्ये पोलंड, हंगेरी व झेक प्रजासत्ताक आणि २००४ मध्ये लिथुआनिया, लॅटव्हिया व एस्टोनिया यांच्यासह सात देश सामील झाले. सप्टेंबर २०१४ मध्ये वेल्समधील शिखर परिषदेत, क्रिमियाच्या घटनेनंतर, सुमारे ५,००० सैनिकांचे अतिशीघ्र दल उभारण्याचे ठरले आणि त्याबरोबरच पूर्वेकडील देशांत नाटोची छोटी समन्वय कार्यालये उघडण्याचेही ठरले.

ही कार्यालये नीट पाहण्यासारखी आहेत. २०१५ मध्ये एस्टोनिया, लॅटव्हिया, लिथुआनिया, पोलंड, रुमानिया व बल्गेरिया या सहा देशांत ती निघाली; नंतर हंगेरी व स्लोव्हाकिया यांची भर पडली. प्रत्येक ठिकाणी माणसे अवघी चाळीसच्या आसपास, त्यांतली निम्मी यजमान देशाची, उरलेली निरनिराळ्या सदस्य देशांची. ३ सप्टेंबर २०१५ रोजी विल्नियस येथील कार्यालयाचे उद्घाटन स्वतः सरचिटणीस स्टोल्टेनबर्ग यांनी केले. चाळीस माणसांच्या कचेरीसाठी सरचिटणीस धावून येतात, यावरून तिचे महत्त्व कळावे. कोणता पूल किती टनांचा रणगाडा पेलेल, कोणत्या बंदरात कोणते जहाज लागेल, विमानतळावर किती सामग्री उतरेल, सैनिक कोठे थांबतील, इंधन कोण पुरवील, याची नोंद ही कचेरी ठेवते आणि यजमान सरकारची खाती व नाटोची मुख्यालये यांना जोडून देते. पोलंडमधील श्टेचिन येथील बहुराष्ट्रीय कोअरचे मुख्यालय या जाळ्याचा एक वरचा धागा. सैन्याची युरोपभरची ने-आण पाहणारे दुसरे मुख्यालय जर्मनीतील उल्म येथे आहे. यात गुप्त कटासारखे काहीच नाही, सर्व उघड चालते. मात्र एखाद्या देशाच्या दळणवळणाची इत्थंभूत माहिती एकदा परकी सेनापतींच्या नकाशावर चढली की त्या देशाने पुढे ‘नाही’ म्हणणे किती अवघड होते, याची चर्चा उघडपणे होत नाही.

रुळांचा प्रश्न मासलेवाईक आहे. पोलंडपर्यंत रुळांतील अंतर १४३५ मिलिमीटर आणि बाल्टिक देशांत, जुन्या साम्राज्यकाळापासून, १५२० मिलिमीटर. म्हणून सीमेवर सामग्री एका गाडीतून दुसरीत चढवावी लागते. तिन्ही देशांतून जाणारा ‘रेल बाल्टिका’ हा नवा मार्ग प्रवाशांच्या सोयीचा आहे, यात शंका नाही. पण त्याच्या समर्थनात आता रणगाड्यांचा उल्लेख प्रवाशांइतकाच ठळकपणे होतो.

खरी गोम कायद्यात आहे. १९ जून १९५१ च्या लंडन करारानुसार परकी सैनिकाने कर्तव्यावर असताना केलेल्या गुन्ह्याचा खटला चालवण्याचा पहिला अधिकार त्याच्या स्वतःच्या देशाला असतो. ३ फेब्रुवारी १९९८ रोजी इटलीतील काव्हालेझे येथे फार खालून उडणाऱ्या अमेरिकन लष्करी विमानाने रज्जुमार्गाची तार तोडली आणि पाळण्यातील वीस माणसे खाली कोसळून ठार झाली. या कराराकडे बोट दाखवून इटालियन न्यायालयाने खटला सोडून दिला. १९९९ च्या मार्चमध्ये अमेरिकन लष्करी न्यायालयाने वैमानिकाला मनुष्यवधाच्या आरोपातून मुक्त केले. पुढे शिक्षा झाली ती उड्डाणाची चित्रफीत नष्ट केल्याबद्दल. त्याच कराराच्या ८ व्या कलमाप्रमाणे, अशा अपघातात दोष केवळ पाहुण्या सैन्याचा असला तरी नुकसानभरपाईतील २५ टक्के वाटा यजमान देशाचा!

लिथुआनियाच्या १९९२ च्या राज्यघटनेत १३७ वे कलम लिहिणाऱ्यांनी देशाच्या भूमीवर सर्वसंहारक अस्त्रे व परकी लष्करी तळ यांना मनाई केली होती. २०१७ पासून तेथे जर्मनीच्या नेतृत्वाखालील बटालियन ‘फिरत्या’ स्वरूपात आली, आणि मे २०२५ मध्ये जर्मन ब्रिगेडच्या स्थापनेचा समारंभ विल्नियसमध्ये झाला. २०२७ पर्यंत सुमारे ५,००० जर्मन तेथे कायमचे राहावयाचे आहेत. ‘तळ’ हा शब्द टाळला की घटनेतील शब्द जागच्या जागी राहतात.

येथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. बाल्टिक जनतेची भीती निव्वळ वॉशिंग्टनने पेरलेली आहे असे म्हणणे खोटेपणाचे ठरेल. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. आजच्या मॉस्कोत सोव्हिएत सत्ता नाही, धनदांडग्यांची सत्ता आहे, हे जुन्या मायेपोटी विसरणाऱ्या साथींनी ध्यानात घ्यावे. परंतु भीती खरी असली म्हणून तिच्यावर दिलेला उतारा बरोबर ठरत नाही. २०२४ च्या ‘स्टेडफास्ट डिफेंडर’ सरावात सुमारे ९०,००० सैनिक उतरले. सीमेवर दोन्हीकडून सैन्य जितके दाटते तितका एका चुकीने भडका उडण्याचा धोका वाढतो, आणि त्या भडक्यात पहिली राख होईल ती यजमानाच्याच घराची.

खर्चाचा हिशेबही त्याच्याच माथी. जून २०२५ मध्ये हेग येथे सदस्य देशांनी २०३५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम संरक्षणावर खर्चण्याचे मान्य केले, त्यांतील १.५ टक्के रस्ते, पूल, बंदरे अशा कामांनाही लावता येईल. म्हणजे गावच्या पुलाची दुरुस्ती हवी असेल तर तो रणगाड्याला पेलतो का, हे आधी पाहिले जाणार. रुग्णालय या हिशेबात कोठे बसते, हे तेथील कामगार संघटनांनी विचारावे असा प्रश्न आहे. ग्रीसमध्ये एप्रिल २०२२ मध्ये थेस्सालोनिकीच्या रेल्वे कामगारांनी अलेक्झांड्रुपोली बंदराकडील लष्करी सामग्रीच्या वाहतुकीस नकार दिला. क्रेन, वाघिणी व पूल ज्यांच्या हातांवर चालतात त्यांचे तेथे कोणीतरी ऐकले, ते असे.

भारत कोणत्याही लष्करी गटात नाही. तरीही १९९१ च्या आखाती युद्धात अमेरिकन लष्करी विमानांना मुंबईच्या विमानतळावर इंधन देण्यात आले आणि निषेधाचा आवाज उठल्यावरच ते थांबले. त्यावेळी ती गोष्ट लाजिरवाणी वाटली होती. ऑगस्ट २०१६ मध्ये संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांच्या भेटीत वॉशिंग्टन येथे झालेल्या करारान्वये दोन्ही सैन्यांनी परस्परांना इंधन व पुरवठा देण्याची रीतसर सोय झाली. डाव्या पक्षांनी त्यास विरोध केला. प्रत्येक वेळी वेगळी परवानगी लागेल आणि तळ दिले जाणार नाहीत, असे सरकारचे आश्वासन आहे. २०२३ मध्ये अमेरिकन नौदलाच्या जहाजांच्या दुरुस्तीचा करार माझगाव गोदीशीही झाला. अशा करारांना संसदेची मंजुरी घेणे घटनेने सरकारवर बंधनकारक केलेले नाही. म्हणून माझगाव गोदीत कोणते जहाज कोणत्या युद्धावरून आले आहे, हे खासदारांच्या आधी तेथील फिटर व वेल्डरलाच कळणार आहे.