शरदाचे रंग आणि रस्त्यावरचा दिवा

निगडी-प्राधिकरणांतील एका वाचकभगिनी दोन प्रश्न पुसतात. त्यांचे दीर न्यू जर्सी येथें असून तेथून दर आश्विनांत मेपल वृक्षांच्या तांबड्या-केशरी पानांचीं छायाचित्रें येतात. तसा रंग आपल्या दारीं आणतां येईल काय, हा पहिला. दुसरा प्रश्न अधिक जिव्हाळ्याचा आहे. चाकणच्या जुन्या घराच्या परसांत त्यांच्या कै. सासूबाईंनीं वाढविलेली शेवंती दर कार्तिकांत फुलांनीं वांकत असे. तिचीं रोपें नव्या घराच्या पुढच्या गॅलरींत आणलीं. तीं हिरवींगार आहेत, पण तीन वर्षांत एक कळी नाहीं. उपटून टाकावीं काय?

उपटूं नयेत. कारण पुढें सांगतों.

पहिल्या प्रश्नाचा निकाल लवकर लागतो. मेपलला रंग चढण्यास लहान होत जाणारे दिवस आणि खरोखरीच्या गार रात्री लागतात. पिंपरी-चिंचवडचा आश्विन म्हणजे उकाड्याचा. शिवाय आपली पानगळ शिशिरांतली. गळण्यापूर्वीं ज्याचें पान तांबडें होतें असा आपला परिचित वृक्ष म्हणजे देशी बदाम, आणि त्यालाही हिंवाळा यावा लागतो. शरद् हा आपल्याकडे फुलांचा ऋतु. कालिदासानें ‘ऋतुसंहारां’त शरदाचें वर्णन केलें तें काश, सप्तपर्ण, कोविदार, बंधूक, शेफालिका यांच्या आधारें; पिकल्या पानांच्या नव्हे. कोविदार म्हणजे आपला कांचन. भुईवर जागा असेल त्यानें जांभळ्या फुलांचा कांचन अवश्य लावावा. सप्तपर्ण मात्र रस्त्याच्या कडेसच शोभतो. त्याचा विस्तार व रात्रीचा उग्र वास लहान अंगणास पेलत नाहीं.

कुंडीसाठीं माझा कौल कोरांटीस आहे. शरदापासून हेमंतापर्यंत ती फुलते, पाणी थोडें मागते, फांदी खोंचली तरी जगते. अमरकोशांत तर रंगावरून तिला निरनिराळीं नांवें आहेत : तांबडी ती कुरबक, पिवळी ती कुरंटक. झेंडू हवाच, पण दसऱ्यास घरचा हवा असेल तर बीं आषाढांत पेरलें पाहिजे. रंगीत पानांत क्रोटन बरा. पान गुळगुळीत असल्यामुळें चाकणच्या रस्त्याची धूळ आठवड्यास एकदां धुऊन काढतां येते. त्यास ऊन मात्र हवें, सावलींत तो हिरवा पडतो. कण्हेर, तांबडी असो वा पिवळी, लहान मूल असलेल्या घरीं लावूं नये. तिचा प्रत्येक भाग विषारी आहे.

आतां शेवंती. १९२० सालीं अमेरिकेंत गार्नर आणि अॅलर्ड या शास्त्रज्ञांनीं तंबाखू व सोयाबीन यांवरील प्रयोगांतून दाखविलें कीं, कित्येक वनस्पति दिवसाच्या लांबीवरून आपली फुलण्याची वेळ ओळखतात. पुढें असें आढळलें कीं, खरें माप दिवसाचें नसून अखंड अंधाराचें आहे. शेवंती याच वर्गांतली. २३ सप्टेंबरच्या सुमारास दिवस व रात्र समान होतात, पुढें रात्र वाढत जाते आणि त्या लांब अंधारांत शेवंतीस कळी धरते. रात्र मध्येंच उजेडानें तुटली तर रोपास ती लहानच भासते, व तें नुसतीं पानें वाढवीत बसतें. फुलांचे बागाईतदार या गुणाचा उपयोग करून घेतात. बाजाराचा दिवस येईपर्यंत फूल लांबवावयाचें असल्यास रात्रीं वाफ्यांवर दिवे लावतात.

पत्राच्या शेवटीं या भगिनींनीं सहज लिहिलें आहे कीं, गॅलरीसमोरच रस्त्याचा दिवा असल्यानें रात्रीं तेथें वर्तमानपत्र वाचतां येतें. दोष मातीचा नाहीं, खताचा नाहीं, हाताचाही नाहीं. तो दिवाच सासूबाईंच्या शेवंतीस झोपूं देत नाहीं. तिसऱ्या पाळीसाठीं जागणाऱ्या आपल्या या पट्ट्यांत काळोख ही दुर्मिळ वस्तु होऊन बसली आहे!

उपाय सोपा आहे, चिकाटी मात्र हवी. भाद्रपदाच्या अखेरीस कुंड्या मागच्या काळोख्या बाजूस न्याव्या. तशी जागा नसल्यास सायंकाळीं सहापासून सकाळीं सातपर्यंत रोपावर पुठ्ठ्याचें खोकें उपडें घालावें. दिवसा पुरें ऊन द्यावें. कळ्यांवर रंग दिसूं लागेपर्यंत, म्हणजे सुमारें सहा-सात आठवडे, एकही रात्र चुकवूं नये. यंदा आश्विन लागला असला तरी वेळ गेलेली नाहीं. फुलें मार्गशीर्षांत येतील इतकेंच. पॉइनसेटियालाही हाच नियम लागू आहे. त्याचीं तांबडीं दिसणारीं फुलें वस्तुतः पानेंच असतात, तेव्हां दिरांच्या मेपलची हौस या कुंडींत थोडीबहुत भागेल.

फुलें सरल्यावर शेवंतीचे दांडे बुडाशीं छाटावे. तेथून जे नवे धुमारे फुटतात, तींच पुढील वर्षाचीं रोपें. उन्हाळाभर तीं पुढच्या गॅलरींत दिव्याखालीं राहिलीं तरी चालतील.