शाळेतील मारामारी, मुलगा ताब्यात. पालकांनी काय करावे?
पोलिसांचा फोन आला की अनेक पालक ओळखीचा पुढारी शोधतात. आधी जन्मतारीख असलेला शाळेचा दाखला शोधा. वय १८ च्या आत असेल तर बाल न्याय कायदा, २०१५ लागू होतो. मुलाला पोलीस कोठडीत ठेवता येत नाही, बेड्या घालता येत नाहीत. प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत बाल न्याय मंडळापुढे हजर करावेच लागते. कलम १२ नुसार जामीन हा नियम, नकार हा अपवाद. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकील मागा. जखमी मुलाच्या घरच्यांवर मात्र दबाव आणू नका. मुलाचे हक्क मागणे म्हणजे त्याची चूक झाकणे नव्हे. कायद्याला त्याची सुधारणा हवी आहे. पालकांनाही तीच हवी.