‘कसर’ला इंग्रजीत काय म्हणतात?

बी.एस्सी. नर्सिंगच्या पहिल्या सेमिस्टरला सगळ्यात आधी शिकायची ती चादर. गादीच्या कोपऱ्यावर ४५ अंशांची घडी पाडून ती अशी खोचायची, की पेशंट कुशीवर वळला तरी सुरकुती पडता कामा नये. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पाठीवर जखम व्हायला ती सुरकुतीही हातभार लावते. बारावी सायन्स करून, सीईटी देऊन गेलेल्या लेकीचा फोन आला, की एखादी आई हमखास विचारते, ‘‘हे तर मीच शिकवलं असतं, फी कशाची भरली?’’

या पदवीची सुरुवात भारतात १९४६ साली झाली, दिल्ली आणि वेल्लोरला. मुंबईत एसएनडीटीचं लीलाबाई ठाकरसी कॉलेज १९६४चं. आता बी.एस्सी. नर्सिंग तालुक्याच्या गावात पोचलं आहे. वर्गात चाळीस-पन्नास जण, त्यांत मोजके मुलगे, ज्यांना वॉर्डात ‘ब्रदर’ म्हणतात. चार वर्षं, २०२१-२२पासून आठ सेमिस्टर, परीक्षा नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची.

छोट्या कॉलेजात लपायला जागा नसते. कोण मेसमध्ये न जेवता उठली, हेसुद्धा मॅडमच्या कानावर जातं. परीक्षेला बसायला ८० टक्के हजेरी लागते, आणि पदवी हातात पडण्याआधी प्रॅक्टिकलची हजेरी पूर्ण १०० टक्के. मावसबहिणीच्या हळदीला गेलेली मुलगी नंतर तेवढ्याच ड्यूट्या भरून काढते. मैत्रिणी घरी निघालेल्या असतात आणि ही ॲप्रन धुवत असते.

खरी अडचण भाषेची. पुस्तकं इंग्रजीत, व्हायवा इंग्रजीत. वॉर्डातली आजी मात्र सांगते, ‘‘अंगात कसर हाय, जेवाण जात न्हाई, पायाला मुंग्या येत्यात.’’ केअर प्लॅनच्या पहिल्या रकान्यात पेशंटचं म्हणणं पेशंटच्याच शब्दांत लिहायचं असतं. विद्यार्थिनी घाईत ‘फीवर’ लिहून मोकळी होते आणि थर्मामीटर दाखवतो ९८.४. मॅडम वहीवर लाल रेघ ओढतात. कसर म्हणजे ताप नव्हे, ताप येईल असं वाटणं. ‘खालचा त्रास’ म्हणजे काय, हे तर पडदा ओढून, ब्रदरला बाहेर पाठवून, हळूच विचारल्याशिवाय कळतच नाही. इथं छोट्या कॉलेजची ट्यूटर उपयोगी पडते. बहुधा ती त्याच पंचक्रोशीतली असते. तिच्या घरच्या बायकाही असंच बोलतात.

पण छोटं म्हणजे चांगलंच, असं कुणी सांगू लागलं तर त्याला एकदा वॉर्डात न्यावं. हॉस्पिटल लहान, पेशंट कमी, आणि प्रत्येकीची लॉगबुक भरायची असते. एका फ्रॅक्चरभोवती आठ जणी उभ्या. प्रसूती रात्री तीनला झाली तर जिची ड्यूटी तिचं नशीब. मनोरुग्णांच्या पोस्टिंगसाठी तर बाडबिस्तरा बांधून निघावं लागतं. राज्यात सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं चारच : ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. तिथं मोठ्या कॉलेजच्या मुली आधीच हजर असतात, आणि त्यांच्यासमोर व्हायवात आपलं इंग्रजी अडखळतं ही भीती वेगळीच.

पेशंट कमी पडले की वॉर्डातल्या जुन्या माणसांनाही सवय होऊन जाते. सकाळपासून दहा जणींनी मनगट धरलेले एक आजोबा अकरावी येताना दिसली, की स्वतःच हात पुढे करतात. ‘‘ब्याऐंशी हाय गं पोरी, ल्ही आन् जा नाश्त्याला.’’

तिच्या पोटात कावळे ओरडत असतात. तरी ती तीन बोटं मनगटावर ठेवते, घड्याळाकडे बघते आणि पूर्ण मिनिट मोजते. एकशे चार. पुन्हा मोजते. मग वही पलंगावर ठेवून ट्यूटरला शोधायला जाते.