कारखान्यातली शिस्त गावाच्या कामात का नाही?

शेंद्रा एमआयडीसीत किंवा ऑरिक या औद्योगिक नगरीत नवा उद्योग येणार असला की त्याची ठळक बातमी होते, आणि ती व्हायलाच हवी. पण तिथल्याच, जालना रस्त्यावरच्या शेंद्रा कमंगर, कुंभेफळ, लाडगाव, करमाड या गावांत कंपन्यांच्या सीएसआर म्हणजे सामाजिक दायित्वाच्या निधीतून झालेल्या कामांपैकी पाच वर्षांनी किती चालू असतात, हे जाहीरपणे कोणी विचारताना दिसत नाही. जलशुद्धीकरण यंत्र बसते, फीत कापली जाते, आणि पुढे फिल्टर कोणी बदलायचा, वीजबिल कोणी भरायचे यावर घोडे अडते. शाळेला संगणक मिळतात, ते दुरुस्त करणारा मिळत नाही.

याचे मूळ पैशाच्या तुटवड्यात नाही. 2013 च्या कंपनी कायद्याच्या कलम 135 नुसार ठरावीक मर्यादेच्या वरच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे किमान दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. खोट आहे ती शिकण्याच्या पद्धतीत.

शेंद्र्यातल्या वाहन उद्योगात काम करणाऱ्या कोणालाही कायझेन आणि क्वालिटी सर्कल हे शब्द समजावून सांगावे लागत नाहीत. यंत्रातला दोष आधी ऑपरेटरच्या लक्षात येतो, म्हणून त्याला विचारायचे. बिघाड झाला की त्या जागी जाऊन पाहायचे. कारण सापडेपर्यंत ‘का?’ विचारत राहायचे. आणि सापडलेली चूक लिहून ठेवायची. या शिस्तीवर इथला सुटा भाग परदेशी गाडीत बसतो. मग हीच कंपनी गेटबाहेर पडली की ही शिस्त कुठे जाते? गावाची गरज सल्लागार ठरवतो, काम एजन्सी करते. मोठ्या प्रकल्पांच्या परिणामांचे मूल्यमापन 2021 पासून सक्तीचे झाले, तेही बाहेरची संस्था करते आणि अहवाल संचालक मंडळापुढे जातो. ज्या गावासाठी काम झाले त्या ग्रामसभेपुढे तो ठेवण्याचे बंधन नाही. 2005 च्या रोजगार हमी कायद्याने आपल्या कामांचे सामाजिक अंकेक्षण ग्रामसभेकडे सोपवले होते. तेच तत्त्व इथे लावायला काय हरकत आहे?

कंपन्यांचे अधिकारी म्हणतील, गावात गटबाजी असते, प्रत्येकाला काम आपल्या गल्लीत हवे असते. हे खोटे नाही. आम्ही गावकरीही कमान आणि सभामंडपाच्या पलीकडे फारसे मागत नाही. पण यावरचा तोडगा आपल्या शेजारच्या जिल्ह्यात आहे. जालना तालुक्यातल्या कडवंचीत 1990 च्या दशकात इंडो-जर्मन कार्यक्रमातून पाणलोटाचे काम झाले. मराठवाडा शेती साहाय्य मंडळ आणि खरपुडीचे कृषी विज्ञान केंद्र गावासोबत उभे होते. त्या कार्यक्रमाची रीत अशी, की गावाने आधी लहान क्षेत्रावर श्रमदानाने काम करून दाखवायचे, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळायची, संस्थेने त्या काळात गाव ओळखायचे, आणि मगच पूर्ण पाणलोटाचा निधी यायचा. भांडणे व्हायची ती लहान कामावरच होऊन मिटायची. आज कडवंची द्राक्षांचे गाव म्हणून ओळखले जाते. खरपुडीच्या केंद्रात शेतकरी आणि शास्त्रज्ञ दर महिन्याला ठरलेल्या दिवशी चर्चासत्राला बसतात. तिथे शेतकरी आपला अनुभव मांडतो आणि शास्त्रज्ञ तो ऐकून घेतो. ही बैठक वर्षानुवर्षे चालू आहे, याला मी कोणत्याही इमारतीपेक्षा मोठे काम मानतो.

संस्थेनेही शिकायचे असते, हे जामखेडच्या आरोग्य प्रकल्पाने त्याआधीच दाखवले होते. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये तिथे काम सुरू केले. आधी त्यांनी प्रशिक्षित परिचारिकांवर भिस्त ठेवली होती. ती योजना गावात रुजली नाही. तेव्हा गावाने निवडलेल्या बायकांनाच आरोग्यसेविका करायचे ठरले. त्यांतल्या कित्येक निरक्षर होत्या, कित्येक दलित वस्तीतल्या. त्या दर आठवड्याला जामखेडला जमत, गावातल्या अडचणी सांगत, नवे शिकून परत जात. डॉक्टरांनी आपली योजना बदलली नसती तर ते काम जगभर अभ्यासले गेले नसते.

अशी जबाबदारी पेलणाऱ्या महिला आपल्याकडेही आहेत. शेंद्र्यात 7 सप्टेंबर 2019 रोजी बचत गटांच्या महिलांचा राज्यस्तरीय मेळावा झाला. ज्या महिला गटाचा पै-पैचा हिशेब ठेवतात, वसुली करतात, त्यांना पाण्याच्या यंत्राची किंवा अंगणवाडीच्या कामाची देखरेख सोपवायला कोणत्या सल्लागाराची गरज आहे?

सीएमआयए आणि मसिआ या उद्योजक संघटनांनी आणि ऑरिकच्या प्रशासनाने पंचक्रोशीतल्या ग्रामपंचायतींसोबत महिन्याची एक तारीख ठरवावी. बैठक एकदा गावात, एकदा कारखान्यात व्हावी. गावाकडून सरपंचाबरोबर बचत गटाची महिला, शिक्षक, आशाताई आणि याच कारखान्यांत कामाला जाणारी आमची मुले असावीत. कंपनीकडून निर्णय घेऊ शकणारा माणूस असावा, केवळ फोटो काढणारा नको. बंद पडलेल्या कामांची यादी पहिल्या बैठकीत वाचावी आणि प्रत्येक काम का बंद पडले हे नोंदवावे. गावांनीही देखभालीचा वाटा उचलण्याचा ठराव करावा. आणि येत्या 26 जानेवारीच्या ग्रामसभेत प्रत्येक कंपनीने आपल्या कामाचा अहवाल मराठीत वाचून दाखवावा. यासाठी नवा कायदा लागत नाही, सरकारी आदेशाची वाट पाहावी लागत नाही. उद्योजक संघटनांनी पहिल्या बैठकीची तारीख जाहीर करावी, अशी माझी त्यांना विनंती आहे.

आपला,
एक वाचक, शेंद्रा